बटईची वाटणी आणि बांधावरचा बघ्या

'बटईच्या वाटणीत ज्याची पोती कमी भरली त्यालाच राग येतो, बांधावरच्या बघ्याला काय त्याचं?' हे म्हणणं अर्धंच बरोबर आहे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या सॅन्फी यांच्या २००३ च्या प्रयोगात १० डॉलर वाटायचे होते: एकानं वाटणी करायची, दुसऱ्यानं ती घ्यायची की नाकारायची ते ठरवायचं. समोरचा माणूस ८-९ स्वतःकडं ठेवायला लागला की मेंदूच्या घडीत दडलेला इन्सुला हा भाग जोरात जागा व्हायचा. तीच वाटणी संगणकानं केली तर कमी. म्हणजे राग नुसता पैशाचा नाही, देणाऱ्याचाही. (इन्सुलाला 'अन्यायाचं केंद्र' मात्र म्हणू नका, तो किळस आणि वेदनेलाही जागा होतो.)

आता बघ्या. २०१० मध्ये चिवाय या संशोधकांच्या गटानं लोकांना एकदा स्वतःसाठी, एकदा तिऱ्हाइतासाठी निर्णय घ्यायला लावला. अन्यायाची वाटणी दोन्हीकडं जवळपास सारखीच नाकारली गेली. पण घामानं बदलणारी त्वचेची वीजवाहकता वाढली ती फक्त स्वतःच्या वेळी. २०१३ च्या मेंदूच्या स्कॅनमध्येही इन्सुला दोन्हीकडं दिसला, कपाळामागचा मधला भाग स्वतःचं नुकसान असतानाच. बघ्याला माप खोटं आहे हे कळतं, अंग तेवढं तापत नाही. वाटणीला तिसरा माणूस बसवतात ते मला त्यामुळंच पटतं.