डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर घुमतो, पण सुरू होत नाही

प्रश्न (दूध-दही विक्रेता, सातारा)

आमच्या दुकानात सुमारे ४०० लिटरचा डीप फ्रीझर आहे. गेल्या आठवड्यापासून, विशेषतः संध्याकाळी, त्याचा कॉम्प्रेसर दहा-बारा सेकंद घुमतो, मग ‘टक्’ असा आवाज होऊन बंद पडतो आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच होते. सकाळी मात्र तो बहुधा नीट चालतो. मेकॅनिकने रिले (मोटर सुरू करून देणारा स्विच) आणि ओव्हरलोड (जास्त प्रवाहात वीज तोडणारा संरक्षक स्विच) बदलले, तरी फरक पडला नाही. आता कॉम्प्रेसरच गेला असून तो बदलावा लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे. सॉकेटवर मल्टिमीटर लावला तेव्हा २२६ व्होल्ट दिसले. एवढा खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

उत्तर १ (रेफ्रिजरेशन मेकॅनिक)

‘टक्’ हा आवाज ओव्हरलोडचा आहे. मोटर फिरत नाही, तोपर्यंत ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. ओव्हरलोड तापून वीज तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. त्यामुळे ओव्हरलोड बदलून उपयोग नव्हता, तो आपले काम चोख करत होता.

प्लग काढून कॉम्प्रेसरच्या तीन टर्मिनलांमधील (कॉमन, रन आणि स्टार्ट) रोध मोजायला सांगा. कॉमन-रन आणि कॉमन-स्टार्ट या दोन आकड्यांची बेरीज रन-स्टार्टच्या आकड्याइतकी यायला हवी. उदाहरणार्थ ४ आणि ११ ओहम असतील, तर तिसरा सुमारे १५. त्यानंतर प्रत्येक टर्मिनल आणि कॉम्प्रेसरची धातूची बॉडी यांच्यामधील इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या उपकरणाने) पाहावे. हे सर्व ठीक असेल, तर वाइंडिंग (मोटरमधली तारांची गुंडाळी) जळालेले नाही. स्टार्ट कपॅसिटर (सुरू होताना मोटरला जोर देणारा) असल्यास त्याचे मायक्रोफॅरड मोजा, कारण तो अशक्त झाला तरी कॉम्प्रेसर नुसताच घुमतो.

उत्तर २ (निवृत्त आयटीआय निदेशक)

वरील तपासण्या योग्यच आहेत, पण माझ्या मते खरी खूण ‘सकाळी चालतो, संध्याकाळी नाही’ या वाक्यात आहे. वाइंडिंग जळालेला कॉम्प्रेसर वेळ पाहून चालत नाही.

आपण मोजलेले २२६ व्होल्ट हे भार नसतानाचे आहेत, आणि सैल जोड असलेली तारही भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते. म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून, कॉम्प्रेसर घुमत असतानाच सॉकेटवर आणि त्याच क्षणी दुकानाच्या मीटरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. दोन्हीकडे घसरत असेल, तर दोष बाहेरच्या पुरवठ्यात आहे. मीटरपाशी टिकून फक्त सॉकेटवर घसरत असेल, तर दोष दुकानातल्या वायरिंगमध्ये आहे. अशा वेळी न्यूट्रलचा जोड आधी उघडावा, कारण सर्वांचे लक्ष फेजकडे असते आणि न्यूट्रलचा स्क्रू वर्षानुवर्षे कुणी आवळत नाही. कंडेन्सरवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) धूळ साचली असेल तर तीही साफ करावी, कारण वाढलेल्या दाबाविरुद्ध सुरू होताना मोटरला अधिक जोर लागतो.

उत्तर ३ (कोल्ड रूम देखभाल)

एक कळकळीची सूचना: नामपट्टीवर आर-२९० लिहिले असेल, तर आतला थंड करणारा वायू प्रोपेन, म्हणजे ज्वलनशील आहे; गळतीची शंका असताना टर्मिनलचे झाकण उघडून वीज देऊ नये. कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी त्यात साठलेली वीज रोधकातून उतरवावी. सिस्टीम व्हॅक्यूममध्ये (आतला वायू काढून टाकलेला) असताना मेगर मुळीच लावू नये, आतल्या आत ठिणगी पडून वाइंडिंग खरोखरच जळते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वाइंडिंग, मेगर, कपॅसिटर तिन्ही ठीक निघाले. सुरू होताना मीटरपाशी २१९ व्होल्ट टिकले, सॉकेटवर मात्र १६६ उरले. सॉकेट उघडले, तर न्यूट्रलचा स्क्रू सैल आणि तारेचे आवरण काळे पडलेले होते. शिवाय त्याच तारेवर पुढे पेढ्यांचा काचेचा कूलर जोडलेला होता, जो आम्ही संध्याकाळीच चालू करतो. आता फ्रीझरसाठी बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार टाकली आहे. सुरू होताना २१३ व्होल्ट मिळतात, आणि काल रात्री कूलर चालू असतानाही फ्रीझर एकदाही अडला नाही.