अनुभव लिहा: पक्षाच्या आत लोकशाही दिसली का?

लोकशाही म्हटलं की आपण मतदानाच्या रांगेवर बोलतो. पण मतपत्रिकेवरची बहुतेक नावं पक्षांतून येतात, आणि तिथे काय शिजतं ते सतरंज्या उचलणाऱ्यालाच ठाऊक. त्यांनी लिहावं. पक्षाचं नाव नको, प्रसंग हवा.

माझ्यापासून सुरुवात, खाली इतरांचे अनुभव. २०२४ च्या विधानसभेला पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावर पक्षाचा प्रतिनिधी होतो. पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी. किमान ५० मतं टाकायची, व्हीव्हीपॅटच्या (मत छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून ताळा जमवायचा, मग सगळं पुसून मशीन सील. शेजारी विरोधी पक्षाचा एजंट. वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. संध्याकाळी १७-सी नमुन्यावर एकूण मतदानाचा आकडा दोघांनी मोठ्याने वाचून पडताळला, सह्या केल्या त्याच्याच पेनने. माझं कधीच बंद पडलं होतं.

*

आमच्याकडे तालुकाध्यक्षाची 'निवडणूक' होती. निरीक्षक आले, चहा झाला, त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून नाव वाचलं. 'एकमताने!' टाळ्या. मीही वाजवल्या. इच्छुक मीच होतो.

नंतर लोकप्रतिनिधित्व कायदा चाळला. नोंदणी करताना पक्षाला लोकशाही तत्त्वांवर निष्ठेची हमी द्यावी लागते (कलम २९ अ). पुढे ती पाळली नाही म्हणून नोंदणी रद्द करायचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. म्हणजे चिठ्ठीवाल्यांना कसली भीती?

*

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतं. कुठलं पॅनेल कुणाचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. महिलांच्या ५० टक्के आरक्षणात मी सरपंच झाले. पहिल्या दोन सभांना यजमान शेजारी खुर्ची टाकून बसले, आणि सगळे त्यांच्याकडे बघूनच बोलले. तिसऱ्या सभेआधी मी मागचं इतिवृत्त घरी बसून वाचलं. गटाराच्या कामाचा एक ठराव 'सर्वानुमते मंजूर' लिहिला होता. त्यावर चकार शब्द निघाला नव्हता. मी सही केली नाही.

यजमानांनी आठवडाभर अबोला धरला. पॅनेलप्रमुख घरी आले. "वहिनी, पक्षाने तुम्हाला मोठं केलं." मी म्हटलं, चहा घ्या.

ठराव पुढच्या सभेत परत आला. त्या दिवशी यजमान शेतावर गेले होते.