प्रतिकारशक्तीचे आनुवंशिक आजार: गोव्यातल्या मुलांची माहिती सामायिक साठ्यात द्यावी का?

डिचोलीकर
जन्मतः प्रतिकारशक्ती अधू असण्याचे साडेचारशेहून जास्त आनुवंशिक प्रकार आज माहीत आहेत. त्यातला सर्वांत गंभीर स्किड: बाळाचं शरीर संसर्गाशी जवळजवळ लढूच शकत नाही. अमेरिकेतल्या नवजात तपासणीत तो साधारण ५८,००० बाळांमागे एकाला आढळला. गोव्यात वर्षाला वीस हजार जन्म धरले, तर तीन वर्षांत एक बाळ. एवढ्यावर इथे कोण कसला अभ्यास करणार?

खरी अडचण पुढे आहे. मुलाच्या जनुकात एखादा बदल सापडतो, पण तो आजार आणणारा की निरुपद्रवी हे ठरवायला तोच बदल असलेली दुसरी माणसं माहीत असावी लागतात. जगातले मोठे साठे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे. मग आपल्या मुलांच्या रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो आणि कागद कपाटावर जातो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने १९९४ पासून अशा रुग्णांची सामायिक नोंदवही ठेवली आहे. गोव्याने आपले रुग्ण देशाच्या अशा नोंदवहीत घालावेत, रक्ताचा थोडा नमुनाही साठवायला द्यावा.

तांबडीमाती
विरोध. ‘नाव काढून टाकू’ असं तुम्ही आता म्हणणार, म्हणून आधीच सांगते. ‘मुलगा, वय चार, सत्तरी तालुका, अमुक आजार’ एवढं लिहिलंत की वाळपईच्या बाजारात कोणीही घर दाखवील. मुंबईत लपता येतं. आमच्याकडे पाव विकणाऱ्या पोदेरालासुद्धा घरातली खबर असते.

शिवाय हा आजार एका मुलापुरता राहत नाही. यातले काही एक्स गुणसूत्रावरून येतात: आई वाहक, म्हणजे स्वतः बहुधा ठीक पण दोष पुढे देणारी, आणि मुलगा आजारी. निदान झालं की पहिलं बोट आईकडे. मग तिच्या बहिणींकडे, ज्यांची अजून लग्नं व्हायची आहेत. आणि ज्ञातीतल्या ज्ञातीत सोयरिका जुळवणारे आपण! मुलाची संमती आई-बाप देतील, पण त्याच रक्तातून मावशीबद्दल जे कळतं त्याची संमती कोणी दिली? संशोधकाला पेपर मिळेल, मावशीला काय?

डिचोलीकर
तालुका लिहायचाच कशाला? राज्यही नको. जन्मवर्षाऐवजी पाच वर्षांचा गट, नावाऐवजी संकेतांक, आणि कोणता संकेतांक कोणाचा ही नाव-संकेतांकाची यादी रुग्णालयाबाहेर जाणार नाही. बदलाचा अर्थ लावायला पत्ता लागत नाही.

तांबडीमाती
यादी रुग्णालयात कोणाच्या कपाटात? २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सूट ठेवली आहे, तेव्हा कायद्याचा धाक मला दाखवू नका.

लॅबवाला_फोंडा
तुम्ही दोघं कागदावर भांडताय. सीजीडी हा यातलाच एक आजार, त्यात पांढऱ्या पेशी काही जंतूंना मारू शकत नाहीत. त्याच्या निदानाची डीएचआर नावाची रक्तचाचणी जिवंत पांढऱ्या पेशींवर होते. रक्त काढल्यापासून दिवस-दीड दिवसात ते यंत्रापर्यंत पोचलं नाही तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. परळला केईएमच्या आवारात रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या आजारांवर वर्षानुवर्षं काम चालतं. कोकणकन्येने संध्याकाळी मडगावहून नमुना निघाला तर सकाळी मुंबईत असतो. फक्त तो तापमान सांभाळून नेणारा, स्टेशनवरून उचलणारा आणि वाटेत कोणी अडवलं तर उत्तर देणारा माणूस ठरलेला हवा. आज ही धावपळ बहुधा मुलाचा बापच करतो. सामायिक साधन म्हणायचं तर आधी ही वाट. निदानच झालं नाही तर नोंदवहीत लिहिणार काय, ताप?

(आणि ‘छोटं राज्य, आपल्याला जमणार नाही’ हे नको. नवजात बाळांची चयापचयाच्या आजारांसाठी राज्यभर तपासणी गोव्याने २००८ मध्येच सुरू केली होती.)

वास्कोची_आवय
माझ्या मुलाला सीजीडी आहे. जन्मल्यावर सगळ्यांना देतात तशी क्षयाविरुद्धची बीसीजी लस दिली. ती लस जिवंत जंतूंची. अशा मुलांना तीच बाधू शकते हे आम्हाला कोण सांगणार? खाकेत गाठ आली, पिकली, कितीतरी महिने क्षयाची औषधं चालली. दवाखाने बदलले, तेव्हा कुठे एका डॉक्टरला शंका आली.

तांबडीमाती, तुझं म्हणणं कळतं गो. सासरी मला काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. तरी मी मुलाची माहिती देईन. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सीजीडी आहे, मान्य केंद्रात उपचाराला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. त्यासाठी फाइल मुंबईला गेलीच आहे, तिथे दहा जणांनी वाचली असेल. माहिती जाते, तिकडून परत काही येत नाही, राग त्याचा आहे. उद्या त्या ‘अनिश्चित’ बदलाचा अर्थ लागला तर मला फोन कोण करणार? ते लिहून द्या.

मुलीचं रक्त मात्र देणार नाही. ती वाहक आहे का हे अठराची झाल्यावर तिने विचारावं, नाहीतर विचारू नये.

डिचोलीकर
ताई, हे कलम संमतीपत्रात असलंच पाहिजे. यात एक भर घालतो. बंगळूरच्या जैवमाहिती संस्थेने जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेबरोबर आशियाई रुग्णांचा ‘रॅपिड’ नावाचा साठा उभारला होता, २००९ साली त्याची माहिती छापूनही आली. तो मुख्यतः छापलेल्या शोधनिबंधांतून भरलेला. ज्याच्यावर कोणी निबंध लिहिला नाही, ते मूल त्यात नाही. आपली मुलं अशीच वगळली जातात.

लॅबवाला_फोंडा
साठा उभारतात हो, पण चालवतो कोण? माहिती भरणारा माणूस प्रकल्पाच्या पैशांवर, कंत्राटी. प्रकल्प संपला की तो जातो. मग ताईंना फोन कोण करणार?

तांबडीमाती
तो माणूस सरकारी नोकरीत कायम करा, नाव-संकेतांकाची यादी कोणाच्या ताब्यात ते हुद्द्यासकट लिहा, आणि बहीण-मावशीचं रक्त त्यांनी स्वतः सही केल्याशिवाय मागू नका. एवढं केलंत तर संमतीपत्राचा मसुदा वाचेन. कोकणीत असो की मराठीत, त्यावर वेगळा धागा काढून भांडू.