अनुभव धागा : पुरुषांच्या मागे पडलेल्या केशरचना – तुम्ही कोणती ठेवली होती, आणि का सोडली?

रानजाई
गेल्या आठवड्यात जुने फोटो लावताना बाबांचा एक फोटो हाती लागला. वय असेल वीस-एकवीस. कपाळावर चार बोटं उंच कोंबडा, दोन्ही बाजूंचे केस चापून बसवलेले, आणि कंगव्याच्या दातांच्या रेघा मोजता याव्यात इतक्या स्पष्ट. मला कळायला लागल्यापासून बाबांचे केस बारीक कापलेलेच पाहिलेत. फोटोतला हा देखणा तरुण मला माहीतच नव्हता, याची हुरहुर लागून राहिली आहे. त्यांना विचारण्याआधी मला थोडं समजून घ्यायचंय, म्हणजे प्रश्न तरी धड विचारता येतील.

म्हणून हा धागा. कोंबडा, लांब कल्ले, पर्म (रसायनाने कुरळे केलेले केस), मानेवर रुळणारे केस, मधला भांग, जे काही तुम्ही किंवा घरातल्या कुणी ठेवलं असेल ते लिहा. 'तेव्हाची फॅशन होती' एवढ्यावर सोडू नका. रोज ती कशी जमवायचात आणि एके दिवशी का थांबलात, तेही सांगा.

माळरान
रानजाई, मी सत्तरी ओलांडली आहे. कोंबडा मी स्वतः काढलाय आणि त्याआधी मोठ्या भावाचा रोज पाहिलाय, तेव्हा सांगतो.

केस ओले हवेत, ठिबकणारे नव्हेत. आधी भांग. मग बोटाच्या पेरावर मावेल एवढं ब्रिलक्रीम दोन्ही तळव्यांवर चोळून मुळांपासून लावायचं. हे १९२८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला निघालं. पाणी, खनिज तेल आणि मेण एकजीव केलेलं. तेलाने चमक, मेणाने पकड. नुसत्या तेलाने केस बसतात, उभे राहत नाहीत. त्यानंतर पुढचे केस सरळ मागे विंचरायचे आणि खरी करामत इथे: डावा तळवा डोक्यावर सपाट ठेवून केस हलकेच पुढे ढकलायचे. मधे लाट उभी राहते. कंगव्याच्या टोकाने तिची कड सारखी केली की झालं. भावाला हे एका झटक्यात जमायचं. मला दोन वर्षं लागली.

त्रासही होता. उशीचे अभ्रे तेलकट, खुर्चीच्या पाठीवर डाग. याच्याही शंभर वर्षं आधी युरोपातले पुरुष मॅकॅसर तेल लावत, आणि त्याच्या डागांपासून वाचण्यासाठी खुर्च्यांवर जे कापड टाकायचे त्याचं इंग्रजी नावच 'अँटिमॅकॅसर' पडलं. घराघरांतल्या बायकांनी ते डाग धुतलेत, हे विसरायला नको.

सोडला का? कोंबड्यासाठी गाजलेला अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली १९५८च्या मार्चमध्ये सैन्यात भरती झाला तेव्हा त्याचे केस कापतानाचे फोटो जगभर छापून आले, पण कोंबड्याला खरा धक्का बसला तो बीटल्स या इंग्लंडच्या गायक-चौकडीमुळे. १९६४ला ते अमेरिकेत पोचले ते कपाळावर मोकळे सोडलेले, बिनतेलाचे केस घेऊन. त्यानंतर चमकणारं डोकं म्हणजे मागच्या पिढीचं डोकं, असं हळूहळू होत गेलं. मी कोंबडा बऱ्याच उशिरा सोडला. भाऊ वारला त्या वर्षी. आरशासमोर तळवा डोक्यावर ठेवला की त्याचाच हात दिसायचा.

उंबरठा
माळरान काका, शेवटचं वाक्य वाचून थांबले.

माझ्या भावाचे पुढे आखूड आणि मागे मानेखाली उतरणारे असे केस होते, ज्याला मलेट म्हणतात. मागचे मीच कापायचे, कारण त्याला सलूनमध्ये जास्त कापतील अशी धास्ती. समोरून पाहिलं तर साधा मुलगा, वळला की कुणी गायक वाटावा. फुटबॉल खेळताना ते केस मागे उडायचे आणि त्याला फार आवडायचं. नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री त्याने स्वतः कात्री आणून माझ्या हातात दिली. मी कापले. दोघंही काही बोललो नाही.

सावरी
कल्ले. कानाच्या पाळीखाली दोन बोटं, खाली रुंद होत गेलेले. १९७० नंतरच्या दशकात ते सगळीकडे होते, म्हणून सोपे वाटतात. सोपे नव्हते. आरशात उजवा-डावा उलटा दिसतो, वस्तरा एका हाताने एकाच बाजूला नीट चालतो, त्यामुळे एक कल्ला कायम किंचित वर. तो सारखा करायला दुसरा वर घ्यायचा, मग पहिला. असं करत करत कानापर्यंत पोचलेले मित्र मी पाहिलेत. उपाय एकच: कानाकडे न बघता दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून बोटाने अंतर मोजायचं.

इंग्रजीतला 'साइडबर्न' हा शब्द अमेरिकन यादवी युद्धातल्या अँब्रोज बर्नसाइड या सेनापतीच्या आडनावावरून, त्याचे दोन भाग उलटे करून झाला. त्याचे कल्ले थेट मिशांना जाऊन भिडलेले होते.

माझे कल्ले एका वरिष्ठाने उतरवायला लावले. 'कामावर यायचंय की नाटकात?' एवढंच म्हणाले. मी काम उत्तम करत होतो. तो अपमान मला आजही लागतो.

बासरी
पर्म केला होता, १९८०च्या दशकाच्या शेवटी. माझे केस काडीसारखे सरळ, आणि आमच्या वाद्यवृंदात बाकी तिघांचे कुरळे.

आधी बारीक नळ्यांवर केस गुंडाळले. मग पहिलं द्रावण. नाकात शिरणारा अमोनियाचा वास, डोळ्यांतून पाणी. केसातले गंधकाचे बंध त्याने सुटतात, केस नळीच्या आकाराला शरण जातो. मग दुसरं, हायड्रोजन पेरॉक्साइडचं. त्याने बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. बाहेर पडलो तेव्हा आनंदाने हवेत होतो, खरंच. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि मुळातून येतो तो सरळच. तीन महिन्यांनी वर सपाट, खाली कुरळं. पुन्हा करायचा तर जुन्या भागाला द्रावण लागू न देता करावा लागतो, नाहीतर केस तुटतात. माझे तुटले. तिसऱ्या वेळेनंतर थांबलो. त्या वर्षातल्या कार्यक्रमांचे फोटो मी भिंतीवर लावलेत.

काठपदर
२००३च्या 'तेरे नाम'नंतरचा मधला भांग माझ्या नवऱ्याने ठेवला होता. दोन्ही बाजूंना डोळ्यांवर येणाऱ्या बटा. एरवी न बोलणारा हा माणूस त्या बटांमागे सुरक्षित असायचा, असं मला वाटतं. केस विरळ व्हायला लागले तेव्हा भांगाची रेघ आधी रुंद झाली. गेल्याचं त्याला वाईट वाटलं, मलाही.

कात्रीवाला
मी ३५ वर्षं हाच व्यवसाय करतोय, म्हणून थोडं आमच्या बाजूने.

तुम्ही सगळे केस गेल्याबद्दल लिहिताय. आमच्या हातातून काम गेलं. उदाहरण फ्लॅट टॉपचं देतो, वरून टेबलासारखा सपाट. लोकांना वाटतं मशीन फिरवलं की झालं. डोकं गोल, आणि त्यावर सपाट पृष्ठभाग उभा करायचा. त्यामुळे टाळूच्या मध्यावर केस सगळ्यात आखूड आणि कोपऱ्यांना सगळ्यात लांब. केस ड्रायरने उभे वाळवायचे, कंगवा आडवा धरायचा, तसूभरही कलू द्यायचा नाही, आणि त्याच्यावरून मशीन न्यायचं. मग गुडघे वाकवून डोळे त्या पातळीवर आणून समोरून बघायचं. एक केस वर दिसला तरी सगळं बिघडलेलं दिसतं. गिऱ्हाईक खुर्चीत ताठ बसलेलं हवं, श्वाससुद्धा संथ. दोन-तीन आठवड्यांत आकार जातो, म्हणजे माणूस महिन्यातून दोनदा तुमच्याकडे येणार. त्याचं घर, त्याची दुखणी सगळं कळायचं.

आज शिकायला येणारी मुलं बाजू उतरवण्यात, फेडमध्ये, फार तरबेज आहेत, माझ्यापेक्षा सरस. पण तो कंगवा आडवा धरायला मी एकालाच शिकवू शकलो. कुणी मागतच नाही, तर हात बसणार कसा?

रानजाई ताई, एक विचारतो. फोटोत बाबांचा भांग कुठल्या बाजूला आहे? बहुतेकांचा डावीकडे असतो. उजवीकडे असेल तर भोवरा बघा. भोवऱ्याच्या विरुद्ध भांग पाडला तर कोंबडा दुपारपर्यंत कोसळतो. चांगला कारागीर आधी भोवरा बघायचा, मग फॅशन.

पायवाट
२००२चा फुटबॉलचा विश्वचषक. उपांत्य सामन्यात ब्राझीलचा रोनाल्डो उतरला तो सगळं डोकं भादरून, फक्त कपाळावर केसांचा त्रिकोण ठेवून. अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध दोन्ही गोल त्याचे. मी नऊ वर्षांचा. दादाकडून तसंच करून घेतलं. शाळेतून चिठ्ठी आली, आईने तो त्रिकोणही उतरवला, मी दिवसभर रडलो. पुढे कळलं की लोक फक्त त्याच्या दुखापतीबद्दल बोलत होते, त्यांनी दुसरं काही बोलावं म्हणून त्याने ते केलं होतं, आणि पोरांनी त्याची नक्कल केली म्हणून आयांची त्याने माफीही मागितली. मला ती माफी नको होती. गुडघ्याच्या एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस माझ्या डोक्यावर होता.

उंबरठा
आणि धोनीचे खांद्यावरचे केस! २००६ला लाहोरमध्ये पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी बक्षीस समारंभात सांगितलं होतं, कापू नकोस म्हणून. कापले तेव्हा माझ्या मुलाला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

रानजाई
कात्रीवाला दादा, भांग उजवीकडेच आहे!

काल बाबांना फोटो दाखवला आणि तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ते बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. भोवरा उजवीकडे आहे म्हणाले, आणि ते पहिल्यांदा ज्याने ओळखलं त्या कारागिराकडेच ते सहा वर्षं जात होते. मग टायफॉइड झाला. ताप उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळाले. ते परत आले, पण येईपर्यंत वर्ष गेलं, आणि तोवर तो कारागीर दुकान बंद करून निघून गेला होता. दुसऱ्या कुणाच्या हाती डोकं द्यावंसं वाटलं नाही, म्हणून बारीक कापायला सुरुवात केली. हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग माझ्या मुलाला समोर बसवलं. केस ओले केले, बोटांनी टाळू चाचपली आणि म्हणाले, 'याचाही उजवीकडेच आहे.' उजवा भांग पाडला, तळवा डोक्यावर ठेवून हळूच पुढे ढकलला, अगदी माळरान काकांनी लिहिलंय तसाच. घरात ब्रिलक्रीम नव्हतं, नुसत्या पाण्यावर काढला. वीस मिनिटं टिकला. तेवढ्यात दोघांचा फोटो काढून घेतला आहे.