आधी समृद्धी, मग पर्यावरण: हा क्रम टिकतो का?

चर्चाप्रस्ताव

आधी देश श्रीमंत होऊ द्या, नद्या आणि हवा स्वच्छ करायला पैसा मागाहून येईलच, असा युक्तिवाद विकासाच्या बाजूने नेहमी केला जातो. झालेले नुकसान भरून निघेल हे त्यात गृहीत धरलेले असते. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या समुद्रात मात्र हे गृहीतक साफ कोसळले. मोठे ट्रॉलर आल्यावर १९६८ साली तिथे सुमारे आठ लाख टन कॉड मासा पकडला गेला. पुढे छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे लोक जाळ्यात येणारा मासा लहान होत चालल्याचे सांगत राहिले, पण रोजगार बुडेल या धास्तीने पकडीची मर्यादा हवी तितकी खाली आणली गेली नाही. अखेर जुलै १९९२ मध्ये सरकारला ही मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. रोजगार वाचवण्याच्या नावाखाली रोजगाराचे मूळच खणून काढले, याला विकास कसे म्हणावे?

प्रतिसाद १ (असहमत)

उदाहरण प्रभावी असले तरी सोयीचे निवडलेले आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पसरलेल्या विषारी धुरक्याने हजारो माणसे दगावली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. पण घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या बदलण्यासाठी अनुदान देण्याची ऐपत होती, म्हणूनच तो कागदावर राहिला नाही. १९५७ मध्ये मृत ठरवलेल्या थेम्स नदीत सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर खर्च झाल्यावर १९७४ मध्ये सामन मासा पुन्हा सापडला. लाकूडफाट्याच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला जंगल राखण्याचा उपदेश फुकट करता येतो. तिच्या घरी गॅस पोहोचवायला पैसा लागतो, आणि तो उद्योगांतूनच उभा राहतो.

धागाकर्त्याचे उत्तर

थेम्सचा दाखला मान्य, पण तिचे मुख्य दुखणे मैल्याचे होते, आणि मैला थांबला की नदी बऱ्याच अंशी स्वतःच सावरते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात पारा गेला. खाडीतले मासे खाणारी मांजरे आधी झटके येऊन, गरगर फिरत मेली. मग माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली, तरी पारा १९६८ पर्यंत समुद्रात जातच राहिला, कारण गावाची चूल त्या कारखान्यावर पेटत होती. पाऱ्याचा गाळ उपसण्याचे काम १९७७ ते १९९० चालले. गाळ उपसता आला. आईच्या पोटातच विषबाधा झालेल्या मुलांचे काय करणार होते?

प्रतिसाद २

दोघांच्याही मांडणीत हिशेबाची बाजू राहून गेली आहे. जंगल तोडले की लाकडाचे मूल्य राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते. निव्वळ उत्पन्न काढताना यंत्रांचा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा होतो, पण तुटलेल्या जंगलाची घट रूढ हिशेबात वजा होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१२ मध्ये पर्यावरण आणि अर्थव्यवस्था यांच्या एकत्रित लेखांकनाची चौकट स्वीकारली, तरी वाढीचा दर जाहीर होताना चर्चा जुन्याच आकड्याची होते. भांडवल विकून आलेल्या पैशाला उत्पन्न समजणारा व्यापारी फार दिवस तग धरत नाही.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

हिशेब जरूर सुधारावा, पण जंगलाची किंमत वहीत चढवल्याने लाकूडतोड्याचे घर चालत नाही. ओझोनच्या थराला घातक ठरणाऱ्या रसायनांवरील १९८७ चा माँट्रियल करार टिकला, त्यामागे पर्यायी रसायने मिळाली हे कारण आहेच. पण विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत आणि पुढे पर्याय स्वीकारण्यासाठी स्वतंत्र निधी देण्यात आला, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पारा ओकणारा कारखाना बंद व्हावा याबद्दल माझा वाद नाही. मात्र जो बंदीची मागणी करतो, त्याने त्याच मसुद्यात कामगारांच्या पगाराची तरतूदही लिहावी. ती नसलेल्या प्रस्तावाला माझा विरोध राहील.