दफनभूमीत पक्के ओटे बंद करावेत का?
(चर्चामंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पांदण रस्ता
ई-क्लास (गावच्या सरकारी) जमिनीतली 20 गुंठ्यांची दफनभूमी भरत आली, आणि लिंगायत, गोसावी, महानुभाव, गोंड सगळ्यांची माती तिथेच होते, अशी गावं आपल्याकडे कमी नाहीत. माझं म्हणणं असं की ग्रामसभेने ठराव घेऊन पक्के ओटे (दफनाच्या जागेवर बांधलेले विटा-सिमेंटचे चौथरे) बंद करावेत, कच्च्या ओळी आखाव्यात आणि 20 वर्षांनी ओळ पुन्हा वापरावी.

हिशेब पाहा. 20 गुंठे म्हणजे 21,780 चौरस फूट. वाटा, झाडं, धुऱ्याकडची (बांधाकडची) पट्टी यात तिसरा हिस्सा जातो, उरतात साडेचौदा हजार. 7 बाय 3 चा खड्डा मधली जागा धरून 9 बाय 5 होतो, म्हणजे 320 जागा. ओट्याला चहूकडून फिरायला जागा लागते, 10 बाय 8 धरा, म्हणजे 180. वर्षाला 10 मयती धरल्या तर ओट्यांनी 18 वर्षांत जमीन संपते, आणि कायमची संपते. ओळींच्या फेऱ्याला 200 जागा पुरतात.

आज्याची समाधी
भाऊ, गुणाकार बरोबर आहे, पण 20 वर्षं कुठून आणली? मुरमाड, हवा खेळणाऱ्या जमिनीत देह लवकर मातीला मिळतो. काळ्या चिकट मातीत पाणी साचून राहतं, हवा पोचत नाही, आणि चरबीचा मेणासारखा थर होऊन देह वर्षानुवर्षं टिकू शकतो. हाडं तर त्याहून कितीतरी जास्त. विदर्भातल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात काळी माती इतकी खोल आहे की मुरूम लागतच नाही. तिथे तुमची ओळ उघडली तर काय हाती लागेल, याचा विचार करा.

दुसरं, लिंगायत आणि गोसावी समाजात देह बसवून समाधी देतात. त्याला 4 बाय 4 चा खड्डा पुरतो, म्हणजे 21 ऐवजी 16 चौरस फूट. जागा खाणारे म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवू नका. ज्या समाधीवर दरवर्षी नारळ फुटतो, ती आकडा टाकून मोडता येत नाही.

खोल मुरूम
बसवलेल्या समाधीचं क्षेत्र कमी हे खरं, पण त्यात बाजूला कोनाडा कोरावा लागतो, आणि काळ्या मातीत तोच आधी ढासळतो. कब्रस्तानातही हाच अनुभव: कडक जमिनीत बगलेची लहद (खड्ड्याच्या बाजूला कोरलेला कोनाडा) टिकते, भुसभुशीत जमिनीत मधोमध संदूक खोदून वर फरश्या टाकतात.

ओट्याला माझा विरोध मातीमुळे आहे, राजेहो. भरलेली माती पहिल्या दोन पावसाळ्यांत दबते. वर्षश्राद्धाच्या आत घाईने ओटा बांधला की एक कोपरा खचतो. त्यात काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया मुरमापर्यंत नेला नाही तर प्लास्टर फाटणारच. आतून विटा बांधून सिमेंट केलं तर आणखी वाईट, खड्ड्याची टाकी होते आणि पाणी निघत नाही.

कच्चं दफन असं करा: 5 ते 6 फूट खोली, तळाशी अर्धा फूट मुरूम, माती एकेक फुटाच्या थराने दाबत भरायची, वर दीड फूट उंच, दोन्हीकडे उतरता ढीग. शेवटचा फूटभर थर काळ्या मातीचा ठेवा, पाणी वरूनच वाहून जाईल. वर दगड आणि बाभळीचे काटे. काटे पहिल्याच संध्याकाळी पडले पाहिजेत, नाहीतर रात्री कुत्री, कोल्हे उकरतात.

तूर काढणी
बाकी सगळं पटलं, वरचा थर नाही. मे महिन्यात काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचं पहिलं पाणी त्यातूनच सरळ खाली उतरतं. वर मुरूम आणि माती निम्मी-निम्मी मिसळून टाका, आणि पावसाळ्याआधी एकदा ढीग सारखा करा.

विहिरीबद्दल कोणीच बोललं नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा दंडक पिण्याच्या विहिरीपासून 250 मीटर, नाल्यापासून 30 मीटर, आणि खड्ड्याच्या तळाखाली निदान 1 मीटर कोरडी माती असा आहे. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात पाणी खूप वर येतं, तिथे 6 फूट खोदण्याचा हट्ट धरला की खड्ड्यात पाणी लागतं. त्या भागात ओटा की कच्चं यापेक्षा उंच जागा कुठे मिळेल ते आधी पाहावं लागेल.

पांदण रस्ता
वर्षांचा मुद्दा मान्य. काळ्या मातीत फेरा 30 वर्षांचा धरू. वर्षाला 10 म्हणजे 300 जागा, 320 मध्ये तरीही बसतं. ओट्यांनी ते होणार नाही. खुणेसाठी उशाशी दीड फुटाचा एक दगड चालेल, त्यावर क्रमांक कोरायचा. गडचिरोलीत माडिया गोंड मृताच्या नावाने दगड उभा करतात, त्याने जागा अडत नाही.

आज्याची समाधी
दगड मान्य. पण क्रमांक दगडावर आहे आणि ग्रामपंचायतीच्या वहीत नाही, तर उपयोग काय? मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायला घरचे येतातच, त्याच वेळी ओळ, क्रमांक आणि वारसाचं नाव नकाशावर चढवा. ओळ उघडण्याआधी वारसांना लेखी कळवा. जुन्या ओळीत आधी लोखंडी सळई 4 फूट दाबून पाहायची, सहज गेली तर खालचा भराव अजून भुसभुशीत आहे असं समजून हात थांबवायचा. हाडं निघालीच तर त्याच खड्ड्याच्या तळाशी एका बाजूला ठेवून मातीने झाकायची, बाहेर ढिगावर पडू द्यायची नाहीत. हे सगळं ठरावात शब्दशः लिहिलं जात नाही, तोवर जुन्या ओळींना हात लावायला माझा विरोध आहे. नव्या ओळी उद्यापासून आखा.