रायझन ३६०० वरून पुढे कुठे? एएम४ वरच राहू की एएम५ ला जाऊ – मदत हवी आहे

वऱ्हाडी_पॅड

नमस्कार मंडळी,

गेमिंग पीसी अपग्रेड करायचा आहे आणि प्लॅटफॉर्म (बोर्ड आणि प्रोसेसरचं सॉकेट; एएमडीचं जुनं एएम४, नवं एएम५) बदलावा की नाही इथे गाडी अडली आहे. आत्ताचं सामान असं:

प्रोसेसर – रायझन ५ ३६००, त्याच्यासोबत आलेला छोटा रेथ स्टेल्थ कूलर
बोर्ड – बी४५० (एएम४), बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) २०२० चा
रॅम – ८+८ जीबी डीडीआर४, पाकिटावर ३२०० लिहिलेलं
कार्ड – आरटीएक्स ३०६० टीआय, ८ जीबी
एसएमपीएस (वीजपुरवठा) – ५५० वॉट ब्रॉन्झ
मॉनिटर – १०८०पी, १४४ हर्ट्झ
विंडोज ११

बाल्डर्स गेट ३ च्या तिसऱ्या अंकात शहरात शिरलं की एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स) पन्नाशीच्या आसपास येतो आणि झटके बसतात. सायबरपंकमध्येही गर्दीच्या बाजारात तेच. व्हॅलोरंटची तक्रार नाही.

बजेट सगळं धरून ३५ हजार. तीन पर्याय डोक्यात आहेत: याच बोर्डवर ५७००एक्स३डी, किंवा आय५ १२४००एफ आणि डीडीआर४ चा बी६६० बोर्ड, म्हणजे रॅम तीच राहील, किंवा सरळ एएम५ – ७६००, बी६५० आणि ३२ जीबी डीडीआर५. दुकानदार म्हणतो एएम४ संपलं, त्यात आता एक रुपयाही घालू नका. अकोल्यात राहतो, खोलीत एसी नाही, मे महिन्यात खोलीतच ३८-४० अंश असतात. तेही धरून सांगा.

मोजमाप

काहीही विकत घेण्याआधी अर्धा तास मोजण्यात घाला. अडतंय ते प्रोसेसरवर की कार्डावर, हे अंदाजाने ठरवू नका.

आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजणारी सॉफ्टवेअर लावा. स्क्रीनवर जीपीयूचा (कार्डाचा) वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा वेगळा वापर, फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख आणि १ टक्का लो (सगळ्यांत संथ एक टक्का फ्रेम्सचा एफपीएस) दिसू द्या. सीपीयूचा एकूण टक्का बघून फसायला होतं: १२ पैकी एकच थ्रेड शंभर टक्क्यांवर अडकला तरी एकूण आकडा ५० च्या खालीच दिसतो. मग त्या शहरातल्या एकाच ठिकाणी उभे राहा, एकाच दिशेला बघा आणि आकडे लिहून घ्या. आता डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करणारी सोय) परफॉर्मन्सवर टाका, म्हणजे कार्डावरचा भार उतरेल. एफपीएस जागचा हलला नाही तर अडसर प्रोसेसर किंवा रॅमचा. चांगला वाढला तर कार्डाचा, आणि मग हे तीनही पर्याय सध्या बाजूला ठेवा.

दुसरं, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे स्पीड किती दाखवतो? पाकिटावर ३२०० असणं आणि प्रत्यक्षात ३२०० वर चालणं यात फरक आहे. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं नसेल तर रॅम २४०० किंवा त्याहून कमी वेगाने धावत राहते. काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना, तेही बघा.

वऱ्हाडी_पॅड

मोजलं. शहरात जीपीयू ५५ ते ६२ टक्के, एफपीएस ४९, १ टक्का लो ३१. डीएलएसएस परफॉर्मन्सवर एफपीएस ५०. आणि रॅमचा स्पीड खरंच २४०० दिसतोय! काड्या बरोबर स्लॉटमध्ये आहेत. आत्ता एक्सएमपी चालू केलं: एफपीएस ५६, लो ३८.

सॉकेट_सोबती

म्हणजे निदान पक्कं, अडसर प्रोसेसरचाच. आणि फुकटात मिळालेल्या त्या सात फ्रेम्सचं कारण समजून घ्या, पुढचा सगळा निर्णय त्यातच आहे.

३६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि प्रत्येक गटाची १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) वेगळी. एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर इन्फिनिटी फॅब्रिकवरून (चिपच्या आतल्या जोडणाऱ्या वाटेवरून) जावं लागतं, आणि त्या फॅब्रिकचा वेग रॅमला बांधलेला असतो: २४०० च्या रॅमवर १२००, ३२०० वर १६०० मेगाहर्ट्झ. शहरातल्या शेकडो पात्रांचा हिशेब करताना प्रोसेसरचा वेळ आकडेमोडीपेक्षा रॅमची वाट पाहण्यात जातो.

झेन ३ मध्ये, म्हणजे ५००० मालिकेच्या तुमच्या कामाच्या प्रोसेसरांत, आठ कोअरचा एकच गट आणि ३२ एमबी कॅश सामायिक. ५७००एक्स३डी मध्ये त्यावर ६४ एमबीचा आणखी एक थर चढवलेला, एकूण ९६. त्यामुळे रॅमकडे धाव घ्यावीच कमी लागते. त्याचा क्लॉक जेमतेम ४.१ गिगाहर्ट्झ असूनही कॅश आवडणाऱ्या गेममध्ये तो ७६०० च्या पंगतीला बसतो, आणि बाल्डर्स गेट ३ नेमका तसाच गेम आहे.

१२४००एफ चा पर्याय काढून टाका. प्रोसेसर चांगला आहे, पण गेमिंगमध्ये साधारण ५६०० च्या तोडीचा. म्हणजे नव्या बोर्डाचे पैसे मोजून जिथे पोचाल, तिथे आहे त्याच बोर्डवर ५६०० टाकूनही पोचता आलं असतं. त्या सॉकेटवर १४ व्या पिढीनंतर काही आलं नाही, आणि १३ व्या-१४ व्या पिढीचे वरचे प्रोसेसर सेकंडहँड घ्यायचे तर व्होल्टेजच्या दोषाने आधीच खराब झालेत का, ही धास्ती. २०२४ मध्ये आलेलं मायक्रोकोड (प्रोसेसरचं आतलं सॉफ्टवेअर) पुढचं नुकसान रोखतं, झालेलं भरून काढत नाही.

तुमचा बोर्ड पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसर जोडणारी वाट) ३.० चा आहे. ३०६० टीआय पूर्ण १६ लेनचं कार्ड असल्यामुळे आत्ता काही बिघडत नाही. पुढे कार्ड बदलताना मात्र ८ जीबी आणि ८ लेन ही जोडी घेऊ नका. व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) भरली की उरलेला डेटा त्याच अरुंद वाटेने ये-जा करतो आणि झटके परत येतात. १६ जीबीचं कार्ड घ्या.

थर्मल_पेस्ट

वरच्या निष्कर्षाशी बराचसा सहमत, पण एक अडचण आहे: ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी दोन्हींचं उत्पादन थांबलंय. दुकानात नवा मिळाला तर नशीब. नाहीतर सेकंडहँड, आणि तिथे विक्रेते मागतील ती किंमत सांगतात. म्हणून मनात एक मर्यादा ठरवा. ७६०० आणि साधा बी६५० बोर्ड मिळून जे होतात त्याच्या निम्म्याच्या वर एक्स३डी जात असेल तर सोडून द्या आणि नवा ५७००एक्स घ्या. तोही झेन ३, आठ कोअर, ६५ वॉट, कॅश ३२ एमबी. एक्स३डी इतकी उडी नाही, पण ३६०० च्या तुलनेत १ टक्का लो मध्ये फरक डोळ्यांना जाणवेल.

एएम५ ला वाईट म्हणणार नाही. एएमडीने त्या सॉकेटला २०२७ आणि पुढेपर्यंत साथ देण्याचं जाहीर केलंय, म्हणजे आज ७६०० घेऊन नंतर त्याच बोर्डवर ९८००एक्स३डी बसवता येतो. पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले आणि सगळं गणित फिरलं. प्लॅटफॉर्म बदलताना तुमची चालती १६ जीबी डीडीआर४ कपाटात जाते आणि तेच काम करायला पुन्हा पैसे मोजावे लागतात. ३५ हजारांत हे ओढाताणीचं आहे. ज्याला वरच्या वर्गाचं कार्ड घ्यायचंय आणि बजेट दुप्पट आहे त्याने जावं, आणि जाताना १६ जीबीच्या दोनच काड्या घ्याव्यात, ६००० वेगाच्या, सीएल३० (कमी विलंबाच्या). चार काड्या लावल्या की एएम५ वर वेग बराच खाली आणावा लागतो. पहिल्यांदा चालू केल्यावर रॅम ट्रेनिंगसाठी काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. पीसी बिघडला समजून तेवढ्यात स्विच बंद करू नये.

वऱ्हाडी_पॅड

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एक ५७००एक्स३डी सेकंडहँड मिळतोय, तुम्ही सांगितलेल्या मर्यादेच्या आत. मित्र आणणार आहे. त्याने काय काय बघायचं? आणि ५५० वॉट पुरतील का?

सॉकेट_सोबती

५५० वॉट पुरतात. ३०६० टीआय २०० वॉटचं, आणि हा प्रोसेसर १०५ वॉटचा म्हणवत असला तरी गेममध्ये त्याहून कमी ओढतो.

मित्राला सांगा, एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून चारही बाजूंनी ओळी बघायच्या. वाकलेली पिन ओळीतून लगेच बाहेर दिसते. मग विक्रेत्याच्या मशीनवर लावून सीपीयू-झेड मध्ये नाव आणि एल३ ९६ एमबी दिसतंय ना बघायचं. वीस मिनिटं ओसीसीटी (प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी) चालवायचं. नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुकांची) एकही नोंद नको. एक जरी असली तरी परत द्यायचा.

थर्मल_पेस्ट

आता कूलर. स्टेल्थ या प्रोसेसरला पुरणार नाही, अकोल्यात तर नाहीच. कॅशचा जादा थर चिपच्या वर चढवलेला असल्यामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, आणि याची कमाल मर्यादा ९० अंश आहे. चार हीटपाइपचा, १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर घ्या. कॅबिनेटमध्ये १५५-१६० मिमी उंची मावते का ते आधी मोजा. खोलीत ४० अंश असताना गेममध्ये ८० च्या घरात तापमान गेलं तर घाबरू नका, पण मागचा एक्झॉस्ट पंखा मात्र हवाच.

काढताना दोन गोष्टी फार जपा. जुनी पेस्ट वाळून डिंकासारखी धरते आणि कूलर ओढला की लॉक असलेला प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी पंधरा मिनिटं गेम चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, स्क्रू सोडा, कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळा. सुटल्याचं हाताला कळतं, मगच वर उचला. दुसरं, स्टेल्थचे चार स्क्रू थेट बोर्डामागच्या लोखंडी पट्टीत जातात. ते निघाले की पट्टी मागे खाली पडते, त्यामुळे एक हात मागे धरा. बऱ्याच टॉवर कूलरना बोर्डासोबत आलेले काळे प्लास्टिकचे दोन कंस आणि त्यांचे चार स्क्रू लागतात. बोर्डाचा खोका आजच शोधून ठेवा, ऐनवेळी हेच सापडत नाहीत.

मोजमाप

बायोस अपडेट जुना ३६०० बसलेला असतानाच करा. २०२० च्या बायोसवर एक्स३डी चालू होणार नाही. बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या सीपीयू यादीत ५७००एक्स३डी समोर किमान आवृत्ती दिलेली असते. काही बोर्डांना थेट शेवटची आवृत्ती चालत नाही, मधली एक टाकावी लागते. ते त्याच पानावर लिहिलेलं असतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा, अपडेट बायोसच्या आतूनच, विंडोजमधून नको, आणि इन्व्हर्टरचा भरवसा असेल तेव्हाच.

अपडेटनंतर एक्सएमपी बंद झालेलं असेल, ते पुन्हा चालू करा. नाहीतर परत २४०० वर याल.

वऱ्हाडी_पॅड

बायोस झालं, प्रोसेसर बसला. चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर संदेश आलाय: नवा सीपीयू बसवला आहे, एफटीपीएम रीसेट करायला वाय दाबा, आधीची नोंद ठेवायला एन. मी अजून काही दाबलेलं नाही. काय दाबू?

मोजमाप

थांबलात ते उत्तम केलंत. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप) कधी कधी आपोआप चालू असतं, आणि त्याची किल्ली एफटीपीएम या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-भागाला बांधलेली असते. मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा आणि या पीसीच्या नावाने बिटलॉकर रिकव्हरी की आहे का बघा. असेल तर ४८ अंकी की कागदावर लिहून घ्या आणि वाय दाबा. विंडोज ती विचारेल. नसेल तर आत्ता एन दाबा, विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर बंद असल्याची खात्री करा, रीस्टार्ट करा आणि संदेश पुन्हा आला की वाय. एन दाबूनही विंडोजने की मागितली आणि ती तुमच्याकडे नसेल, तर ३६०० परत बसवून की मिळवावी लागेल, म्हणून तो प्रोसेसर अजून विकू नका.

त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने चालू होण्याची सोय) बंद आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू होऊ देणारी सेटिंग) चालू आहे ना बघा. अपडेटने ते उलटं झालं असेल तर व्हॅलोरंट व्हॅन ९००३ ही त्रुटी दाखवून उघडणारच नाही.

वऱ्हाडी_पॅड

की सापडली, वाय दाबलं, विंडोज आलं. सिक्युअर बूट बंद झालं होतं, चालू केलं. त्याच जागी, त्याच दिशेला बघून: एफपीएस ९१, १ टक्का लो ६४, जीपीयू ९४ टक्के, प्रोसेसर ७४ अंश. सगळ्यांचे मनापासून आभार. ३६०० आणि स्टेल्थ आता विक्री विभागात टाकतो, पिनांचे फोटो चारही बाजूंनी काढलेत.